दृष्टीच्या मोहऱ्या

"आप्पा, सोडा ते! काढून टाकू यंत्र. घराला कुलूप लावून चला पुण्याला."

माझा मुलगा शिवराज मोरीच्या दारात उभा राहून ओरडत होता. मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाणीच पाणी.

आमच्या मुरुम गावात बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. माझ्या बायकोनं, मालननं, हट्टानं हे पाणी हलकं करायचं यंत्र, सॉफ्टनर, बसवून घेतलं होतं. ती जाऊन महिना झाला आणि यंत्र गळायला लागलं.

"यंत्र गळतंय म्हणून माणूस हलवतोस व्हय रे?"

"एकट्याला जमत न्हाय तुम्हाला. कबूल करा की."

"नीट केलं तर?"

"तर ऱ्हावा. मी बोलणार न्हाय."

मी नळ बंद केला. यंत्राला जोडलेली मिठाच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून सांडत होती. यंत्र मिठाचं पाणी ओढतच नव्हतं. नळी काढली, पुढचं बारीक तोंड उघडलं. छिद्रात मोहरी बसली होती. टाकीत मूठभर मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या तरंगत होत्या.

"अक्का! हे कुणी टाकलं?"

शांताक्का, माझी थोरली बहीण, पदराला हात पुसत आली.

"म्या. दृष्ट काढली. तुझ्या घरात चूल हाय का इस्तवात टाकायला? ह्यात मीठच असतंय म्हनून टाकलं."

"मालन गेली. आता कुणाला दृष्ट लागायची?"

"तुला रं. तूच तर राहिलास."

"मग तिची का न्हाय काढलीस? ती खाटेवर होती तवा कुठं होतीस?"

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मला दया आली नाही.

चहाच्या गाळणीनं मोहऱ्या उपसल्या, टाचणीनं छिद्र मोकळं केलं, नळी बसवली. नळ सोडून यंत्राचं बटण दाबलं. टाकीतलं पाणी हळूहळू उतरायला लागलं.

शिवराज बघत होता. "जेवायचं काय करताल?"

"यंत्राचं बोलला होतास. आता जेवण काढू नको."

तो गाडीकडं गेला. अक्काही पिशवी घेऊन त्याच्या मागं गेली.

पाणी टिपायला फरशीवर टाकलेली सोलापुरी चादर पाणी पिऊन जड झाली होती. असली चादर पिळायला दोन माणसं लागतात. मी एक टोक नळाला गुंडाळलं, दुसरं दोन्ही हातांत धरलं आणि पीळ द्यायला लागलो.