खोऱ्यातली खरखर

"आवाज कशाचा ते नंतर शोध, पोरी. आधी कुणाचा ते बघ," असं व्हर्लिन अंकलनी निवृत्त होताना, आपलं काम माझ्या हाती देत, मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. "अंकल, तुम्ही खुशाल मासे पकडायला जा. आवाजांचं मी बघते."

पश्चिम व्हर्जिनियातल्या आमच्या खोऱ्यात मोबाइल वाजत नाहीत. मधोमध रेडिओ दुर्बिणीची एक प्रचंड पांढरी तबकडी आकाशाला कान लावून उभी आहे, तिच्यासाठीच ही बंदी. आकाशातून प्रकाशासारख्याच रेडिओलहरीही येतात, पण पोचेपर्यंत इतक्या क्षीण होतात की एखाद्या घरातली विजेवरची जुनाट वस्तू ठिणग्या टाकू लागली तरी तिच्या खरखरीत त्या बुडून जातात. अशा वस्तू हुडकणं हे माझं काम.

खरखर आली की आधी तबकडी दुसरीकडे वळवायची. तरीही खरखर तशीच राहिली, तर बहुधा जमिनीवरची. मग वेळ बघायची. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून आकाशातला आवाजही रोज तेवढा आधी येतो. माणूस घड्याळाप्रमाणे चालतो.

मिस ओनींचं तर अगदी घड्याळ होतं. डोंगराच्या बेचक्यात एकट्या राहायच्या. रात्रीचं जेवण उरकलं की गुडघे शेकायला विजेचं जुनं हीटिंग पॅड, झोपताना बंद. त्याची खरखर थेट तबकडीत यायची, म्हणून मी नवीन पॅड नेऊन दिलं होतं.

"मिस ओनी, तुमच्या गुडघ्यांपायी आम्हाला एक अख्खी आकाशगंगा ऐकू येत नाही."

"तिचे गुडघे दुखतात का? नाही ना? मग थांबेल ती. तू बस, मक्याचा पाव खा. किती वाळलीस!"

नवीन पॅड त्यांनी मांजरीला अंथरलं.

त्या हिवाळ्यात एके सकाळी माझ्या लेकीला, जुनीला, सांभाळणारी मुलगी आली नाही, म्हणून तिला कडेवर घेऊनच मी कामावर गेले. तबकडीचे आवाज दाखवणाऱ्या पडद्यासमोर रात्रपाळीचा लाइल जांभया देत होता.

"तुझ्या म्हातारीचं पॅड कामातून गेलं बघ. रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. तबकडी कुठेही वळवा, आहेच."

मी त्यांच्या घरी फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

"कोंबड्यांना दाणे टाकत असतील," लाइल म्हणाला. मलाही ते पटलं. दुपारी जाऊन बघू, असं मी ठरवलं.

मागे जुनी चमचा आपटत होती. टक टक टक. मग एकदम गप्प. मी वळून पाहिलं, तर चमचा हवेत धरून ती माझ्याकडे एकटक बघत होती. मी उठत नाही असं दिसल्यावर पुन्हा टक टक टक.

मी पडद्याकडे पाहिलं. काही उभ्या रेघा, मग कोरी जागा. पुन्हा रेघा, पुन्हा कोरी जागा. बिघडलेलं यंत्र नुसतं बंद पडतं. हे थांबणं तसलं नव्हतं. तिकडे कुणीतरी थांबून कानोसा घेत होतं, कुणी येतंय का याचा.

त्यांचं पॅड आम्हाला ऐकू येतं, हे मिस ओनींना ठाऊक होतं. मीच तर सांगितलं होतं.

"लाइल, अँब्युलन्स बोलव! आणि जुनीकडे बघ!"

मी पोचले तेव्हा त्यांच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. मांजर नव्या पॅडवर बसून खुर्चीकडे टक लावून होती. खुर्चीत मिस ओनी एका अंगावर कलंडल्या होत्या, अर्धा चेहरा खाली ओघळलेला. डोळे दाराकडे होते. मी पुढे सरकले, तसे तेही सरकले. हातात जुन्या पॅडचं बटण. खट्. खट्. मग थांबणं. मग खट्.

"मी आलेय, मिस ओनी. ऐकलं आम्ही."

मी प्लग उपसला. अंगठा दाबतच राहिला.

त्या वाचल्या, पण वाचा गेली. आता डोंगरापलीकडच्या गावात, वृद्धांच्या शुश्रूषागृहात असतात. तिथे सगळ्यांचे मोबाइल खणखणतात आणि आमच्या तबकडीला तिथलं काही ऐकू येत नाही. मी दर रविवारी जाते. गोधडीवर त्यांचा अंगठा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. तिथली परिचारिका म्हणते, सवय आहे ती. मला तसं वाटत नाही.

या आठवड्यात घाट बर्फाने बंद आहे आणि जुनीला ताप आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तर जरा डोकावून याल का? खिडकीजवळची खाट. हात हातात घ्या, आणि अंगठा थांबेपर्यंत सोडू नका.