पुंजाचं थेट प्रक्षेपण

रंगूबाईंनी त्या दिवशी चारलाच स्वयंपाक उरकला आणि नवऱ्याला, पुंजाला, घेऊन कॉलनीचं समाजमंदिर गाठलं. संध्याकाळी सहाला यान चंद्रावर उतरायचं होतं. पण रंगूबाईंना चंद्राचं काय पडलंय हो! पडद्याच्या कोपऱ्यात, एवढ्याशा चौकटीत, त्यांची लेक तेजस्विनी दिसणार होती. दिल्लीच्या एका वाहिनीवर हातांच्या खुणांनी बातम्या सांगायची नोकरी तिला लागून वर्ष झालं होतं, पण एवढा मोठा कार्यक्रम थेट सांगायची ही पहिलीच वेळ. खुणांची परीक्षा ती नंतर पास झाली, भाषा मात्र बापाच्या मांडीवरच शिकली होती.

पुंजाला सातव्या वर्षी तापात ऐकू येईनासं झालं. बोलता यायचं, पण आवाज कुठेही चढायचा, कुठेही घसरायचा. अंबडच्या कारखान्यात त्यानं अठ्ठावीस वर्षं लेथ मशीन चालवलं. तिथल्या खडखडाटात सगळेच सारखे, कुणाचं काही अडलं नाही. कॉलनीत मात्र अडलं. मंडपवाला सोमनाथ चौकात त्याच्या बोलण्याची नक्कल करायचा आणि लोक पोट धरून हसायचे. पुंजाला ऐकू येत नव्हतं, पण हसणारी तोंडं तर दिसत होती ना! त्यानं घराबाहेर बोलणंच सोडलं. त्या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. दुकानात, दवाखान्यात, सोयरिकीत रंगूबाईच त्याच्या वतीनं बोलायच्या. त्याचा त्यांना कंटाळा नव्हता. सोमनाथवरचा राग मात्र त्यांनी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

आणि नेमका आज पडदाही सोमनाथचा, स्पीकरही त्याचाच.

यान उतरायला वीस मिनिटं राहिली असताना स्पीकरमधून फट्‌ असा आवाज आला आणि सगळं चिडीचूप झालं. चित्र चालू, आवाज गुल. दोनशे माणसं नुसती एकमेकांकडे बघायला लागली. मोबाइलवर लावावं तर तिथं चक्र फिरत होतं. सोमनाथ वायरी उपसून घामाघूम झाला. पडद्यावर शास्त्रज्ञ बोलत होते, आकडे पळत होते, आणि कुणाला कशाचा पत्ता लागत नव्हता.

पुंजा तेवढा पहिल्या रांगेत निवांत होता. लेकीचे हात बघत मान डोलावत होता. मागून कुणीतरी म्हणालं, मावशी, काकांना सगळं कळतंय, त्यांना विचारा की. रंगूबाईंनी खुणेनं विचारलं. पुंजा सांगायला त्यांच्याकडे वळला, पण वळलं की लेक नजरेआड जायची. एकदा वळला, दोनदा वळला, मग वैतागला. उठून पडद्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "वेग कमी होतोय. सगळं ठीक आहे."

आता हसतील मेले, असं रंगूबाईंना वाटलं. कुणी हसलं नाही. सगळे पुढं सरकून बसले. पुंजा सांगत गेला आणि हॉल ऐकत गेला.

शेवटची दोन मिनिटं उरली आणि स्पीकर खरखरला. निवेदकाचा गुळगुळीत आवाज हॉलभर घुमला, त्यावर पुंजाचा फाटका आवाज. पुंजाला काय माहीत? तो बोलतच राहिला. मागच्या दोन पोरींनी हसू लपवायला तोंडाला ओढणी लावली. एकवीस वर्षांनी उघडलेलं तोंड आज मिटलं तर पुन्हा उघडणार नाही, अशी भीती रंगूबाईंना वाटली. त्यानं वळून ते हसू बघायच्या आत त्या त्याला खाली बसवायला उठल्या.

सोमनाथ त्यांच्या आधी हलला. त्यानं पुंजाकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं आणि आपल्याच हातानं प्लग उपटला.

"काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. पुंजाला ऐकू जाणार नव्हतं, तरी म्हणाला.

पुंजा एकेक आकडा सांगत होता. चौकटीतल्या तेजस्विनीनं एक हात अलगद दुसऱ्या तळव्यावर टेकवला.

"उतरलं!" पुंजा ओरडला. "आणि सांगतेय ती माझी लेक आहे!"

हॉल नुसता दणाणला. रंगूबाई रडल्या, आणि लाजल्या नाहीत. चंद्राचं कौतुक त्यांनाही होतं, पण नवऱ्याचं जास्त होतं.

घरी जाताना भर चौकात पुंजा थांबला. चार लोक चहा पीत उभे होते. त्यांच्यादेखत त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "रंगू, सोमनाथचा स्पीकर शेवटी झाला का गं दुरुस्त?"

रंगूबाईंनी हातवारे करून सांगितलं, "छे हो. भंगार आहे त्याचा."