आदेरितोचा न धुतलेला कोट

मित्रांनो, सकाळपर्यंत मी अख्खा कोट होतो. आता किती उरेन ते जुने कोट उसवणाऱ्या दोना बेल्मीरांच्या हातात आहे. म्हणून भराभर सांगतो.

मी आग विझवणाऱ्याचा कोट. माझे कापड जळत नाही आणि कुजतही नाही. त्यामुळे म्हातारपणी आमचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. कोविल्या गावातल्या या जुन्या लोकर गिरणीत त्याचे उत्तर दोन जागी ठेवलेले आहे. टेबलाच्या उजवीकडे जाळीची टोपली. तिच्यातल्या कापडाचे पुन्हा तंतू होतात, तंतू दाबून त्यांचा जाड नमदा होतो आणि तो जाड हातमोज्यांच्या आत बसतो. डावीकडे झाकणाचे पिंप. त्यातले सगळे खड्ड्यात पुरतात.

टोपलीत एक जण आधीच जाऊन बसला आहे. मी तिकडे बघणार नाही.

(उजवी बाही उसवली. दोना बेल्मीरांनी ओले पांढरे फडके तिच्यावर घासले. फडके काळे झाले. बाही पिंपात.)

आता वणव्यांबद्दल फारसे सांगता येणार नाही. ते बाहीला ठाऊक होते. मला आठवतात ती वणव्यानंतरची कौतुके. माझा मालक आदेरितो पहाटे पाव भाजतो आणि भोंगा वाजला की भट्टी सोडून डोंगराकडे पळतो. नीलगिरीचे रान धडधडून पेटले की तो सर्वांत पुढे. परतला की लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "बघा, कसा काळाकुट्ट झालाय! याला म्हणतात काम." आदेरितो मला कधी धुवायचा नाही. काजळी हेच आमचे पदक होते. मीही फुगलेला असायचो.

(डावी बाही. फडके काळे. पिंपात.)

बरे, सांगूनच टाकतो. टोपलीतला तो आदेरितोच्या तुकडीतल्या ओतिलियाचा कोट. दहा वर्षे तो माझ्या शेजारच्या खुंटीवर होता. प्रत्येक वणव्यानंतर ओतिलिया त्याला अग्निशमन केंद्रातल्या वेगळ्या यंत्रात धुवायची, मागच्या बाजूला सावलीत वाळवायची आणि खुंटीला अडकवताना त्याची कॉलर हाताने सरळ करायची.

आदेरितो तिला चिडवायचा, "काय गं ओतिलिया, वणव्याला निघालीस की लग्नाला?"

"लग्नालाच! नवरदेव तूच, पण आधी अंघोळ करून ये."

सगळे हसत. आदेरितोही हसे. मी त्या कोटाला 'साबणाची वडी' म्हणायचो. मला वाटायचे, मी त्याला तुच्छ समजतो. खोटे होते ते. मला हेवा वाटत होता. माझी कॉलर कुणी कधी सरळ केली नाही. दहा वर्षे मी त्याच्या साबणाचा वास घेत कडक होत गेलो. मग आमची मुदत संपली आणि आदेरितोनेच केंद्रातले सगळे जुने कोट गाडीत भरून इथे आणले.

आत्ता तो समोरच स्टुलावर बसला आहे. मक्याचा पाव घेऊन आलाय. त्याने केंद्रात सांगून ठेवले आहे की नव्या भरतीतल्या जवानांच्या हातमोज्यांत पहिले अस्तर त्याच्या कोटाचे असेल.

(पाठ उसवली. फडके काळे.)

"दोना बेल्मीरा, जरा जपून. असा कोट अख्ख्या डोंगरात नाही."

"दिसतंय ना. मी तीन वेळा धुतला, तरी रंग सोडतोय. तू कधी धुतला होतास?"

"धुवायचा कशाला? काजळी म्हणजे आमचं पदक!"

"मग छातीवर लावायचं ना रे बाबा. फुफ्फुसात कशाला नेलंस? जळलेल्या रानाचं, घरांचं सगळं विष आहे यात. माझ्या तंतू काढायच्या यंत्रात घातला तर बाकीचा मालही नासेल."

"एवढीशी काजळी तर आहे."

"घरी न्यायचास हा?"

"गाडीत असायचा, मागच्या सीटवर. सेलिया त्याच्यावर डोकं टेकून झोपायची." सेलिया म्हणजे त्याची लेक.

दोना बेल्मीरांनी ते काळे फडके त्याच्यापुढे धरले. हातातला पाव त्याने खाली ठेवला.

(पाठ पिंपात. छातीची पट्टी सोडून पुढचे दोन्ही भाग पिंपात. कॉलरही.)

शेवटी छातीवरची चमकणारी पट्टी निघाली. तिच्याखाली वीतभर कापड होते, पहिल्या दिवसासारखे निळे. धूर तिथे पोहोचलाच नव्हता. दोना बेल्मीरांनी कोऱ्या फडक्याने घासले. फडके पांढरेच राहिले.

"एवढा वाचला तुझा कोट," त्या म्हणाल्या आणि तो तुकडा टोपलीत टाकला.

तो तुकडा म्हणजे आता मी. माझ्याखाली ओतिलियाचा कोट आहे. त्याच्या बाह्या आहेत, पाठ आहे, तो सगळाच्या सगळा हातमोजे होणार. माझ्याने एक बोटसुद्धा भरणार नाही. त्याने टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

आदेरितो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"दोना बेल्मीरा, नवा मिळालाय मला. कसा धुवायचा?"

"वेगळा धू, घरच्या कपड्यांत नको. कोमट पाणी. ब्लीच अजिबात नको. सावलीत वाळव. आणि घरी नेऊ नकोस."

तो माणूस ते सगळे कागदावर उतरवून घेत होता. ब्लीच नको, यापाशी त्याने पुन्हा विचारून खात्री केली. माझ्यासाठी त्याने कधी साधी बादली भरली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या गावच्या अग्निशमन केंद्रात काळाकुट्ट कोट टांगलेला दिसला, तर त्याला शूर म्हणू नका. ज्याचा असेल त्याला म्हणा, आजच धुवा. म्हणजे तो माणूस धड राहील आणि त्याचा कोट टोपलीत अख्खा जाईल. मला त्या कोटाचाही हेवा वाटेल. पण ते माझे मी बघून घेईन.