सुनेच्या पोटातली माझी किडनी

दहा वर्षांपूर्वी मी माझी डावी किडनी सुनेला दिली. गावातल्या बायका अजून विचारतात, किनुएबाई, सुनेला कशी काय दिली हो? मी सांगते, मग घरातली कामं कोण करणार होतं? खरं कारण वेगळं आहे. माझ्या मुलाची किडनी डॉक्टरांनी घेतली नाही, त्याला साखर निघाली. आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेली माझी सून चिहारु मला बघवत नव्हती. पण हे चारचौघांत कशाला बोलायचं?

चिहारुचा आजार शाळेपासूनचा. तिसरीत असताना शाळेतल्या लघवी तपासणीत सापडला. अंगातले राखणदार चोर सोडून घरच्यांनाच बडवायला लागतात, तशातला तो प्रकार. त्यासाठी टॉन्सिल काढले, औषधं झाली, लग्नही झालं आणि चौतिसाव्या वर्षी दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तोवर आमची सासू-सुनेची भांडणं रीतसर चालू होती, बहुतेक मिठावरून. आमच्या नागानोत हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी पालेभाजीचं खारं लोणचं पिंपात घालतात. मी पिंपभर घालणार आणि ही बया माझ्या ताटात दोन काड्या वाढणार.

यंदा ऑक्टोबरात तिला साधी सर्दी झाली आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली. मोमोसे डॉक्टरीणबाईंनी सुईने मी दिलेल्या किडनीचा बारीकसा तुकडा काढला. त्याचा निकाल काल होता. मासातोला, म्हणजे माझ्या मुलाला, कामावरून सुटी मिळेना, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. तशी त्याला सुटी मिळाली असती तरी मी गेलेच असते. दहा वर्षं एक गोष्ट मला आतून खात होती.

किडनी द्यायच्या आधी तपासलं, तेव्हा माझा रक्तदाब एकशे बावन्न भरला. मोमोसेबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाल्या दोन महिन्यांनी परत बघू. मी घरी आले आणि दोन महिने मिठाचं बोटसुद्धा चाटलं नाही. लोणचं नाही, सोयासॉस नाही, मिसोचं खारट सूप नाही. कुणाला बोललेही नाही. रक्तदाब एकशे अठ्ठावीसवर आला, मी पास झाले, किडनी दिली आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा पिंपाशी जाऊन बसले. म्हणजे कॉपी करून पास झाले म्हणा ना. आता तो तुकडा सगळं बोलणार होता. सुनेच्या गळ्यात मी खराब माल बांधला असेल, तर काल ते उघड होणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. पुढे कशाकशाने धोका वाढतो त्याची यादी होती. प्रथिनं किती जातात, रक्तदाब, किडनीवरचे व्रण. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, किडनी देणाऱ्याचं वय, चौसष्ट. माझं वय, रोगाच्या यादीत! एरवी मी ऐकून घेतलं नसतं. पण काल माझ्या मनात चोर होता. त्या पुढे काही बोलायच्या आत मी सगळं ओकून टाकलं, दोन महिन्यांचं आणि पिंपाचंही.

मोमोसेबाईंनी चष्मा काढून पुसला. "किनुएसान, मीठ सोडून रक्तदाब उतरला, तर तो उतरलाच ना? याला फसवणूक नाही म्हणत, पथ्य म्हणतात. आणि नंतरचं लोणचं मला दरवर्षी तुमच्या लघवीतून कळतंच. गेल्या वर्षी दिवसाला अकरा ग्रॅम मीठ. उगाच का तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू केली?"

मग त्यांनी निकाल सांगितला. चिहारुचा जुना आजार थोडासा परतला होता, पण लवकर सापडला होता, औषध होतं. किडनीवर व्रण जवळजवळ नव्हतेच. खात्री कुणी देत नाही, म्हणाल्या, पण अशा किडन्या आणखी पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

"म्हणजे दोष तिच्या आजाराचा? माझ्या किडनीचा नाही?"

"नाही. तुमची किडनी उत्तम आहे."

अशा वेळी खूश होऊ नये हे मला कळतं. पण झाले. दोष शेवटी सुनेच्या माहेरचा निघाला, असं मी बोलूनही गेले. डॉक्टरीणबाई हसल्या. चिहारु हसली नाही.

"आई, त्या दोन महिन्यांत तुम्ही माझ्या हातचं सूप सिंकमध्ये ओतत होतात."

"तू बघितलंस?"

"रोज. मला वाटलं, किडनी द्यावी लागतेय म्हणून तुम्हाला माझा राग येतोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नको म्हणून सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला जगायचं होतं," ती म्हणाली.

दहा वर्षं ती माझी किडनी रागाने दिलेली म्हणून सांभाळत होती, आणि मी खराब माल म्हणून झुरत होते. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून. दोघींच्या डोक्यावर वरवंटा हाणायला हवा. मी तिचा हात धरला. बारा वर्षं भांडून आणि दहा वर्षं किडनी वाटून घेऊन, हात मात्र पहिल्यांदाच धरला.

परत येताना गाडी ती चालवत होती. मनातलं ओझं उतरल्यामुळे माझी जीभ मोकळी सुटली होती. वीस वर्षं म्हणाल्या बाई, तेव्हा मी चौऱ्याण्णव, मी म्हटलं. तोवर कधीच देवळामागच्या थडग्यांत तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी जाऊन पडलेली असेन, तुझी कटकट संपली.

गाडी सिग्नलला उभी होती. चिहारुने उजव्या ओटीपोटावर हात ठेवला, जिथे माझी किडनी बसवली आहे.

"कुठली संपते, आई. ओबोनला, पितरांच्या दिवसांत, मी तुमच्या थडग्यावर पाणी घालायला येईन, तेव्हा तुम्हीही असालच की माझ्याबरोबर."

मी तिला म्हटलं, दिवा हिरवा झालाय, समोर बघून चालव. मग तोंड खिडकीकडे वळवून घर येईपर्यंत रडले, आणि फार फार बरं वाटलं.