फिलूमावशीचा मे महिना

वैशाखातलं ऊन चारच्या सुमाराला किंचित वाकू लागे, चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीवरली चुन्याची पांढरी झळाळी हळूहळू पिवळी होत जाई, आणि त्याच वेळी मागच्या अंगणातून मोठ्या पातेल्यात बर्फ ढवळल्याचा संथ, थंडगार नाद उठे. घंटा कुणी वाजवत नसे, हाक कुणी मारत नसे. पण तो नाद कानी पडला, की आमच्या वसाहतीतली घामेजलेली पोरं चपला शोधायचंही विसरून रस्त्यापलीकडे धावत सुटत. चिंचेच्या सावलीत पातेल्यापाशी फिलूमावशी उभी असे. तांबड्या चौकड्यांचं लुगडं, कोपरापर्यंत ओले झालेले हात, आणि उन्हाकडे बघताना एक डोळा बारीक करण्याची सवय. त्या अर्धमिटल्या डोळ्यामुळे ती सदैव कुणाची तरी फिरकी घेते आहे असं वाटे, आणि बहुतेक वेळा ती घेतच असे.

चारकोपच्या पुढे, खाडीच्या बाजूला उतरणाऱ्या वाटेवर तिचं गावठाण आहे. कधीकाळी भाताची खाचरं आणि मिठागरं राखून असलेल्या, मराठीत बोलणाऱ्या आणि मराठीतच प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती घरांचं ते गाव. उपनगर चहूबाजूंनी चढत गेलं आणि ते गाव मधल्या खळग्यात तसंच राहिलं. कौलारू घरं, गल्लीच्या वळणावर दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, आणि त्यापलीकडे ते इवलंसं चर्च. रविवारच्या मिस्साला निम्मी माणसं दाराबाहेर उभी राहत आणि आतलं गाणं बाहेर उभ्या असलेल्यांनीच अधिक मोठ्यानं म्हणावं असा तिथला प्रघात होता.

मी त्या अंगणात पहिल्यांदा गेले ती माझ्या मुलीला, मानसीला शोधायला. पालिकेच्या शाळेत शिकवत असल्यानं मे महिना मला मोकळा असे. दुपारी डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा घरात मुलगी नव्हती. रडवेली होऊन शोधत गेले, तर ती चिंचेखाली पोरांच्या घोळक्यात उभी राहून मोठ्यानं गात होती. फिलूमावशीनं माझ्याकडे तो एक डोळा बारीक करून पाहिलं.

"तुझी काय ही?"

"हो."

"चांगली गाते. आणि तू काय करतंस?"

मी काही बोलण्याआधीच तिनं लिंबांची टोपली आणि सुरी माझ्यापुढे सरकवली. "बस. घरी एकटी बसून काय करणार?"

मी बसले, ती पुढली कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात बसतच राहिले. माझ्यामागोमाग आमच्या वसाहतीतल्या मालवणकडच्या बायका आल्या. कुणी आमसुलं आणली, कुणी शिलाईयंत्र. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी तिथलं पाणीही प्यायल्या नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी सोलकढीत नारळ किती घालायचा यावरून फिलूमावशीशी त्यांचं असं कडाक्याचं भांडण झालं, की आम्ही निर्धास्त झालो. भांडण झालं म्हणजे नातं जुळलं.

तिचा मे महिना म्हणजे सबंध गावठाणाचा श्वास होता. दुपारी पोरांचं गाणं आणि शिवण, सांजेला खुरसापाशी मेणबत्त्या लावून माळेची प्रार्थना, प्रार्थना संपली की मूठमूठ उकडलेले हरभरे. आणि शेवटच्या रविवारी अंगणात सगळ्यांचं जेवण. आंबवलेल्या पिठाचे फुगे ती स्वतः तळायची. ओल्या हाताच्या मुठीतून पिठाचा गोळा अंगठ्यानं अलगद वर ढकलून कढईत सोडण्याची तिची लय एखाद्या जुन्या नृत्याची असावी तशी होती. गोळा तेलात बुडे, क्षणभर नाहीसा होई, आणि मग गोल, सोनेरी होऊन वर येताना तिच्या चेहऱ्यावर दर वेळी तेच नवल उमटे, जणू असं काही होईल याची तिला कल्पनाच नव्हती. नवरा ऐन तरुणपणी गेला, एकुलता एक मुलगा रॉनी तिनं शिवणकामावर वाढवला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. स्वतःच्या दुःखाविषयी ती बोलत नसे. तिचं दुःख बहुधा वर्षाचे अकरा महिने घरात राहत असावं आणि मे महिन्यात तिला तिथं जायला सवडच नसावी.

मग रॉनी मोठा झाला. अंधेरीच्या एका कंपनीत लग्नांचे आणि कार्यक्रमांचे मांडव उभे करण्याचं काम करू लागला, चांगलं नाव कमावलं त्यानं, आणि चर्चच्या समितीवर आला. चिंच तोडली गेली. अंगणात सिमेंटच्या विटा बसल्या, त्यावर थंड हवेचा हॉल उभा राहिला. फादर नवे होते, सज्जन होते, आणि समिती म्हणेल ते ऐकत होते. त्या वर्षी मे महिन्याच्या तोंडावर रॉनीनं आम्हां बायकांना हॉलमध्ये बोलावलं. फिलूमावशी पुढच्या खुर्चीवर होती. मी तिच्या शेजारी.

"मम्मा, आता सगळं नीट प्लॅन करून करू या," तो म्हणाला. "समर कॅम्पला बाहेरून टीचर्स येणार. जेवण कॅटररकडे. तू आता आराम कर. किती वर्षं केलंस."

"आणि पोरां?"

"आपल्या पॅरिशची सगळी येतील." तो माझ्याकडे वळला. आवाज मऊ होता, आणि तो मऊपणाच अधिक लागला. "शुभा आंटी, वाईट नका वाटून घेऊ. बाहेरच्यांना या वर्षीपासून नाही घेता येणार. काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. रूल सगळ्यांना सेम आहे."

बाहेरच्या. मी फिलूमावशीकडे पाहिलं. वसाहतीतल्या दारुड्यालाही चार शब्द सुनावणारी, फादरांच्या लांबलेल्या प्रवचनावर सर्वांदेखत जांभई देणारी ती बाई मांडीवरल्या हातांकडे बघत बसली होती. हॉलमधल्या त्या एकसारख्या, सावली नसलेल्या उजेडात तिचा चेहरा प्रथमच म्हातारा दिसला. ती काहीच बोलली नाही. मी उठले आणि घरी आले. राग रॉनीचा नव्हता. त्या न बोलण्याचा होता.

काही दिवसांनी सकाळीच दारात धाप लागल्याचा आवाज आला. फिलूमावशी आमचे तीन जिने चढून आली होती. ती आमच्या घरी कधी आली नव्हती. तिचं जग खुरीस ते चर्च एवढंच. तिनं पाणी घेतलं, भांडं खाली ठेवलं, आणि म्हणाली, "त्या दिवशी मी काय बोलली नाय."

"जाऊ दे ना मावशी."

"जाऊ दे कसं? बोलायला पाहिजे होतं. पण पोटचा आहे ना गं. सगळ्यांसमोर त्याला खाली बघायला लावायचं, ते माझ्याच्यानं झालं नाय." मग तिनं डोळा बारीक केला, पण त्यात फिरकी नव्हती. "माझा ओटा आहे. खुरसासमोर. तिथं करू. तू येशील?"

मी गेले. तिच्या ओट्यावर चटया घातल्या, लिंबं कापली, शिलाईयंत्र मांडलं. पहिल्या दिवशी वसाहतीतली बरीच पोरं आली, गावठाणातलीही थोडी. गाणं सुरू झालं. पण ओट्यावर सावली नव्हती, आणि गल्लीच्या टोकाला तो हॉल होता. काचेचं दार उघडलं की थंड हवेची झुळूक आणि ढोलाचे ठोके रस्त्यापर्यंत येत. गावठाणातली पोरं आधी गेली. ती तर आमंत्रितच होती. मग वसाहतीतल्या पोरांचं येणं विरळ होत गेलं; ज्यांना आत घेत नव्हते ती काचेला नाक लावून बाहेर उभी राहू लागली, पण ओट्याकडे फिरकेनात. पोरांना दोष कसला द्यायचा. वर्षानुवर्षं जिथे गाणं असे तिकडेच ती धावत आली होती, आणि गाणं आता तिकडे होतं.

एका दुपारी कुणीच आलं नाही. सरबताच्या पातेल्यात बर्फ विरघळून पाणी झालं. समोरच्या खुरसावर कालच्या झेंडूच्या माळा उन्हानं काळपट पडल्या होत्या. फिलूमावशी सांज होईपर्यंत ओट्यावर बसून राहिली, पाठ ताठ, हात मांडीवर, नजर गल्लीच्या तोंडाकडे. हॉलमधून इंग्रजी गाण्याचा गलका येत होता. मी शेजारी होते. मी असले नसले यानं काही फरक पडत नव्हता. कुणाची वाट बघणं आणि कुणीच येणार नाही हे ठाऊक असणं, या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात इतक्या निश्चल बसलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

उठताना ती म्हणाली, "तू पण नको येऊ उद्यापासून."

"का?"

"कुणी बघायला असलं की जास्त लागतं."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले. तिनं चटई घातली नव्हती. आम्ही आत बसून चहा घेतला आणि दुसरंच काहीबाही बोललो.

शेवटच्या रविवारी रॉनीनं हॉलमध्ये तिचा सत्कार ठेवला होता. तिनं मला हाताला धरून नेलं, दारावरचा माणूस अडवू लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्यासोबत आहे." व्यासपीठावर तिला मखमली खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, एका मुलीनं इंग्रजीत तिच्याविषयी भरभरून सांगितलं. टाळ्या झाल्या. तिला ते सगळं कळलं असेलसं वाटत नाही. ती शालीखालून हात बाहेर काढायला धडपडत होती. मग सगळे जेवणाकडे वळले, आणि ती सवयीनं मागच्या बाजूला, चुलीच्या दिशेनं निघाली. तिथे गणवेशातले आचारी होते. एकानं हसून, अगदी अदबीनं तिला थोपवलं.

"आंटी, आप बाहर बैठो ना. इधर बहुत गरम है."

ती दारात थबकली. कढईत फुगे तळले जात होते, साच्यातून काढल्यासारखे सगळे एका मापाचे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, शाल घडी करून माझ्या हातात दिली, आणि न जेवता घरी निघून गेली. आत पंगत रंगली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर तिचा मे महिना आला नाही. पुढल्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी तिच्या घराचं दार लोटलेलं असे, आणि ती आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून झोपलेली असे. आजार असा काही नव्हता. डॉक्टरनं वय सांगितलं. मी जात राहिले. ती बोलायची, हसायचीही, पण आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा. थंडीत एका पहाटे ती गेली. अंत्यविधीला चर्चची दारं सताड उघडी होती. आमच्या वसाहतीतल्या बायका आत बाकांवर दाटीवाटीनं बसल्या, बाकीच्या बाहेर उभ्या राहिल्या, आणि मराठीतलं गाणं बाहेरच्यांनीच मोठ्यानं म्हटलं. कुणी कुणाला अडवलं नाही.

यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला रॉनी घरी आला. केस पिकू लागलेत त्याचे. हातात रंगीत पत्रिका होती. चर्चच्या मे महिन्याच्या महोत्सवाला आता आईचं नाव दिलंय, म्हणाला. हॉललाही देणार आहेत.

"शेवटच्या दिवशी तुम्ही दोन शब्द बोला ना, आंटी. तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं."

"मी बाहेरची ना रे?"

"त्या दिवशी चालेल. मी सांगितलंय सगळ्यांना."

मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. म्हटलं, "रॉनी, मी बोलेन. पण तिच्याबद्दल बोलायचं तर ओट्यावरची ती दुपार सांगावी लागेल. कुणीच आलं नाही ती. चालेल?"

तो फरशीकडे बघत राहिला. मान खाली घालून बसण्याची ती ढब थेट तिची होती. हॉलमधली, त्या दिवसाची.

"तिनं मला कधीच काही बोलून दाखवलं नाही," तो म्हणाला.

"नाही ना."

"एकदा जरी बोलली असती…"

बोलली असती तर तो थांबला असता, असं त्याला वाटत होतं. आणि थांबला नसता, हे तिला ठाऊक असावं म्हणूनच ती बोलली नसेल, असं मला. दोघांपैकी खरं कुणाचं, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती.

"नको मग," तो अखेर उठत म्हणाला. "राहू दे, आंटी. नका बोलू." पाणी पिऊन त्यानं पत्रिका टेबलावर ठेवली, आणि जिना उतरून गेला.

माणूस असेपर्यंत त्याची जागा काढून घेता येते, आणि तो गेल्यावर तीच जागा त्याच्या नावे करून देणं किती सोपं जातं. काळ कुणाचंच काही भरून काढत नाही. तो फक्त दुखवलेल्यांना आधी उचलून नेतो, आणि मागे उरलेल्यांच्या हाती स्मरण सोपवतो, ज्यांना ते नेमकं कुठून विसरायचं हे चांगलं ठाऊक असतं.