विहिरीभोवतीच्या तीन फेऱ्या

मी एक जुनी सोळा आसनांची मिनीबस आहे, आणि हिवाळ्यात माझी सकाळ किटलीभर कोमट पाण्याने सुरू होते. पावणेआठ वाजता, बाहेर अजून अंधार असताना, माझी चालक डिम्प्ना घराच्या मागच्या दाराने येते. पाणी माझ्या काचेवर बेताने ओतते, कारण उकळते ओतले तर काच तडकते. मग ती आत बसते, किल्ली अर्धी फिरवते आणि दहापर्यंत मोजते. तोवर माझे इंजिन आतून तापते. त्यानंतरच ती मला सुरू करते. एकोणीस वर्षांत तिने हे आकडे कधी गाळले नाहीत.

मित्रांनो, तरुणपणी मी डोनेगलच्या या डोंगराळ भागातल्या मुलांना शाळेत नेत असे. फुटबॉलचे संघ नेले, लग्नाची वऱ्हाडे नेली, अंत्ययात्रेला आलेली माणसे नेली. पुढे शाळेला नवी गाडी मिळाली. माझ्या आसनांना ओल चढली आणि चाकांवरच्या पत्र्यात गंजाने भोके पाडली. तरी सहा जानेवारीला मात्र मीच लागते. तो बायकांचा नाताळ. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी घराबाहेर पडायचे.

या वर्षी अकराजणी होत्या. पुढे, दारालगतच्या आसनावर त्र्याऐंशी वर्षांची सोर्खा बसली होती. तिच्या मागे कॅसी, जिची जीभ कधी स्वस्थ बसत नाही.

"माझा नवरा आज प्रथमच ओव्हन पेटवणार आहे," कॅसी म्हणाली. "शेजाऱ्यांना सांगून आलेय, धूर दिसला तर पळा म्हणून."

"माझ्या नवऱ्याने मीठ कुठे असतं ते विचारलं," डिम्प्ना म्हणाली. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली, बाई."

घाट चढताना ऊन वर आले. वाळलेले नेचे तांब्यासारखे लाल दिसत होते, त्यांच्या टोकांवर हिमाचे दाणे होते. खाली तळे इतके निश्चल होते की त्यात डोंगर उलटा उभा होता. या तळ्यातून एकदा एक पांढरी गाय बाहेर आली आणि दुष्काळात तिने साऱ्या गावाला दूध पाजले, अशी इथली कथा. ती परत का गेली यावर दरवर्षी वाद होतो.

"कुणीतरी तिला मारलं," मागून एकीने सांगितले.

"मारलं नाही गं, चाळणीत दूध काढलं. भांडं भरेना, म्हणून लाजून गेली बिचारी," सोर्खा म्हणाली.

आम्ही दरवर्षी जातो ती पवित्र विहीर त्या तळ्याच्या वरच्या अंगाला, एका कुरणाच्या मध्यावर आहे. तिला सूर्य फिरतो त्या दिशेने तीन प्रदक्षिणा घालायच्या आणि प्रत्येक फेरीला एक खडा स्वतःच्या हाताने पाण्यात टाकायचा. सोर्खाचा भाऊ फेलिम एकसष्ट वर्षांपूर्वी मासेमारीच्या होडीतून गेला, तो परतलाच नाही. त्याला थडगे नाही. हे तीन खडे, एवढेच काय ते त्याचे. सोर्खाने एकही वर्ष चुकवले नव्हते. पुढच्या आठवड्यात मात्र ती कायमची डब्लिनला, लेकीकडे जाणार होती.

फाटकापाशी मी थांबले. विहिरीकडे जाणाऱ्या फरशांवर बर्फाचा काचेसारखा थर होता, आणि सोर्खाच्या खुब्याला ऑक्टोबरातच तडा गेलेला.

"मी टाकते तुझ्या वतीने," कॅसी हळूच म्हणाली.

"तुला तो ओळखतही नव्हता," सोर्खा म्हणाली, आणि खडे तिने मुठीत घट्ट धरले.

डिम्प्ना खाली उतरली. तिने टाचेने कुरण ठोकून पाहिले. एरवी तिथे गाय रुतते; त्या दिवशी जमीन दगडासारखी गोठली होती. तिने फाटक सताड उघडले आणि सोर्खाला बसल्या जागेवरून खडे टाकता यावेत म्हणून दार विहिरीच्या बाजूला ठेवून मला आत घेतले.

"थांब," अकराजणी एकदमच म्हणाल्या.

चूक तिच्याही लक्षात आली. माझे दार डावीकडे. विहीर डावीकडे ठेवून पुढे गेले की फेरी उलटी होते, आणि उलटी फेरी आमच्याकडे शाप देण्यासाठी घालतात. उजवीकडे उघडते ती एकट्या डिम्प्नाची खिडकी.

"मागे मागे गेलं तर?" कॅसी म्हणाली. "सूर्याला कुठं कळणार तोंड कुठं आहे ते."

"पाय कुठं पडतो ते महत्त्वाचं," सोर्खा म्हणाली. "तोंडाचं काय, ते तुझंही कुठंही असतं."

मित्रांनो, मागचा गियर हा माझा सर्वांत कमकुवत अवयव. तो घातला की मी ओरडते, आणि त्या कुरणाचा खालचा काठ थेट तळ्याकडे उतरतो. जुन्या यंत्राचे तुम्हाला भले करायचे असेल, तर त्याला घाई करू नका. त्याचे दुखणे ओळखा, आणि मग त्याच्याकडून मोठे कामही निश्चिंतपणे मागा. डिम्प्नाने क्लच पूर्ण दाबला, मी शांत होईपर्यंत वाट पाहिली, आणि मगच गियर टाकला.

कॅसीने सोर्खाच्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. दार उघडे होते. खालच्या काठाला माझे मागचे चाक एकदा घसरले, डिम्प्नाने ते सावरले. पहिला खडा पडला. दुसरा पडला. तिसऱ्या फेरीला सोर्खाने हात जरा जास्त वेळ बाहेर ठेवला, आणि मग मूठ उघडली.

डिम्प्नाने दार लावून घेतले आणि पहिला गियर टाकला.