दुखणं पिणारं पोवळं

दिवेलागण झाली, की मल्लेश्वरममधल्या उपेंद्र निपाणीकरांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. जाताना माणसं दुसऱ्याच्याच चपला पायात अडकवून घरी जायची आणि आत बसलेल्या आप्पाजी महाराजांची इच्छा म्हणून गप्प बसायची.

आत हॉलमध्ये काचेची पेटी. पेटीत मद्रासहून डब्यांतून आणलेलं समुद्राचं पाणी, आणि त्यात तळहाताएवढं तपकिरी पोवळं. अंगठीतला लाल खडा डोळ्यांपुढे आणू नका. हे रामेश्वरकडच्या समुद्रातलं, हरणाच्या शिंगासारखं फांद्या फुटलेलं. दिवसभर ते दगडासारखं पडून राहायचं. संध्याकाळी भक्त रांगेनं यायचे आणि एकेक पळी ‘कावेरीचं’ कोमट पाणी त्याच्यावर सोडायचे. मग दिवे मालवून आरती. आप्पाजी महाराज पेटीत समुद्रचूर्णाची चिमूट टाकायचे, आणि समईच्या उजेडात त्या दगडावर बारीक बारीक तोंडं उघडायची. केसाएवढे हात हलायला लागायचे.

“माझं लेकरू भुकेलंय,” महाराज डोळे मिटून म्हणायचे. “हे मंगळाचं काळीज आहे, बाळांनो. घरातलं दुखणं पितं. पिऊन पिऊन पांढरं पडलं, की दुखणं संपलं. सरी?”

“सरी, सरी,” सगळी गर्दी कानडीत होकार भरायची.

समुद्रचूर्णाला सुकटीचा वास यायचा. निपाणीकरांच्या घरात कांदासुद्धा तिथी बघून आत यायचा, पण भक्तीच्या ठिकाणी नाक कोण चालवतो? चालवलं ते फक्त शेजारच्या मांजरानं. एकदा ऐन आरतीत ते थेट पेटीत उतरलं. ओलंचिंब मांजर भक्तांच्या डोक्यांवरून पळालं, तेव्हा महाराज शांतपणे म्हणाले, “त्याचा दमा गेला.” मांजराला दमा होता हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याही पाया पडायला लागले.

उपेंद्र अडाणी नव्हता, हीच खरी अडचण. तो बी.ई. झालेला, सरकारी कारखान्यात तपासणी विभागात साहेब. केसाएवढी चूक असलेला सुटा भाग तो लाल रंगाचा पट्टा ओढून भंगारात टाकायचा. पेटीही त्यानंच बनवली होती, एक थेंब गळत नव्हती.

मागच्या खोलीत त्याची बायको प्रतिमा खोकत पडलेली असायची. क्षय होता. डॉक्टर सुधींद्रांची इंजेक्शनं आणि मोठाल्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी तिला अन्न नकोसं व्हायचं, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. महाराजांनी पेटी बसवली त्याच दिवशी सांगितलं होतं, “डॉक्टरानं उष्टावलेलं दुखणं माझं लेकरू पीत नाही. औषध बंद.”

औषध बंद झालं. प्रतिमा जेवायला लागली. आणि बघता बघता पोवळं पांढरंफेक पडलं. उपेंद्र पेटीपुढे हमसून रडला. महाराज तो पांढरा दगड ‘विसर्जनाला’ घेऊन गेले आणि नवा तपकिरी आणून बसवला. दुखणं फार जुनं होतं म्हणे.

दसऱ्याच्या सुटीत उपेंद्रची धाकटी बहीण वीणा आली. मुंबईच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. आरती पाहून ती वहिनीच्या खोलीत जाऊन बसली. बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं.

“अण्णा, वहिनीचं वजन केलंस?”

“जेवते आता. आधी सगळं ओकायची.”

“ओकायची गोळ्यांनी. गोळ्या बंद, ओकणं बंद. जंतू कुठे गेले?”

“पोवळ्यात,” उपेंद्र, बी.ई., म्हणाला.

वीणानं डोक्याला हात लावला. मग म्हणाली, “बरं. कारखान्यात माल न तपासता घेतोस का तू?”

“छे.”

“मग हाही तपास.”

तिनं नव्या पोवळ्याच्या दोन फांद्या तोडल्या आणि समुद्राचं पाणी भरलेल्या दोन बरण्यांत ठेवल्या. एक बरणी प्रतिमाच्या उशाशी, खिडकीत. रोज डब्यातलं ताजं समुद्राचं पाणी, अभिषेक बंद. दुसरी शेजारी नागोजींच्या खिडकीत. हे पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार; सर्दीसुद्धा त्यांना भिऊन असायची. त्या बरणीलाही तेवढंच ऊन आणि तेच पाणी, वर रोज महाराजांच्या कोमट पाण्याचा अभिषेक.

“पोवळं दुखणं पीत असेल तर वहिनीजवळचं पांढरं पडेल,” वीणा म्हणाली. “पाणी त्याला मारत असेल तर नागोजींकडचं.”

अभिषेक उपेंद्रनं स्वतःच्या हातानं केला, मोजून मापून. आठवडाभरात नागोजींकडची फांदी हाडासारखी पांढरी झाली. प्रतिमा रात्रंदिवस खोकत होती. तिच्या उशाजवळची फांदी तपकिरीच्या तपकिरी.

भर दुपारी महाराजांना आणि भक्तांना बोलावून दोन्ही बरण्या हॉलमध्ये आणल्या. महाराजांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “नागोजींना आतून क्षय आहे. लपलेला.”

“गावाबाहेर पार येलहंक्यापर्यंत सायकल मारतो मी या वयात,” नागोजी म्हणाले. “चला बरोबर, बघू कुणाला धाप लागते ते.”

कुणीतरी हसलं. उपेंद्र मात्र हसला नाही. “महाराज, मग प्रतिमाजवळचं का नाही पांढरं पडलं?”

“तुझी भक्ती कमी पडली, बाळ.”

उपेंद्र थबकला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. भंगार माल आणणारे ठेकेदार रोज हेच म्हणायचे, माल चोख आहे साहेब, तुमचं मापच चुकलंय. अशांना त्यानं आजवर कधी दारात उभं केलं नव्हतं.

तोवर वीणानं तपकिरी फांदीच्या बरणीवर काळं कापड टाकलं, चूर्णाची चिमूट आत सोडली. ना आरती, ना मंत्र. थोड्या वेळानं कापड उचललं तर सगळी तोंडं उघडलेली.

“हा प्राणी आहे. अंधार झाला आणि खाण्याचा वास आला की तोंड उघडतो,” ती म्हणाली. “चूर्ण म्हणजे वाळक्या कोळंबीची पूड.”

भक्तांतल्या अंबूबाई रोज ते चूर्ण चिमूटभर प्रसाद म्हणून जिभेवर ठेवायच्या. त्या तोंडाला पदर लावून परसात धावल्या.

वीणा म्हणाली, “या पोवळ्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. तपकिरी रंग त्याचा, आणि याचं बरंचसं पोटही त्याच्यावर. वरून गोडं, कोमट पाणी ओतलंत की शेवाळ सुटून जातं. पांढरं पडतं ते दुखणं पिऊन नाही. ते मरायला टेकलेलं असतं.”

महाराज कमंडलू घेऊन निघाले. गडबडीत तेही दुसऱ्याच्याच चपला घालून गेले.

त्याच दुपारी टॅक्सी करून प्रतिमाला नेलं. डॉक्टर सुधींद्र रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. एक्स-रे उजेडात धरून त्यांनी आता दुसऱ्याही फुप्फुसावर पडलेला डाग दाखवला. “औषध मधेच सोडलं की उरलेले जंतू त्याला सरावतात. आता तेच इंजेक्शन त्यांना पाण्यासारखं.”

क्षयाच्या इस्पितळात तिची खाट खिडकीजवळ होती. तिनंच मागितली म्हणून उपेंद्रनं बरणी तिथे ठेवली. रोज डब्यातलं निवळ पाणी बदलायचा, दुपारच्या उन्हाला फडकं लावायचा, गोड्या पाण्याचा थेंब उडू द्यायचा नाही. प्रतिमा बघत पडायची. एकदा म्हणाली, “त्याचं पथ्य बरं सांभाळता.”

उपेंद्र खिडकीवरचं फडकं नीट करत राहिला.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

दिवस होऊन गेल्यावर एका संध्याकाळी दारात पुन्हा चपला वाजल्या. अंबूबाई भाच्याला घेऊन आल्या होत्या, मागे आणखी चारदोन जण. भाचा रुमालात खोकत होता.

“महाराज गेले तरी लेकरू आहे ना, अण्णा? स्वल्प बघू दे याला.”

उपेंद्रनं आतून दोन्ही फांद्या आणल्या. एक बरणीत, तपकिरी. दुसरी हातात, पांढरी.

“ही जगली,” तो म्हणाला, “कारण हिला जे लागतं ते रोज दिलं. ही मेली, कारण आम्ही हिच्यावर पुण्य ओतत बसलो. माझ्या घरात या पोवळ्याचं आणि प्रतिमाचं, दोघांचं असं केलं मी. माझं शिक्षण कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी यायचो. तुम्ही असं करू नका. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी तपासा. साधी दोन बरण्यांची गोष्ट आहे. आणि डॉक्टरानं सांगितल्याशिवाय औषध सोडू नका.”

भाचा पुन्हा खोकला.

उपेंद्र पायरी उतरून ढिगापाशी वाकला. “कुठल्या तुझ्या?” भाच्यानं दाखवल्या. त्यानं त्या उचलून त्याच्या पायांपुढे ठेवल्या. “घाल. सुधींद्रांचा दवाखाना अजून उघडा असेल. मी येतो बरोबर.”